मुदतीचा ताप आणि औषधाची मुदत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टायफॉइडला मराठीत ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. आमच्या घरात दखनी बोलली जायची, तिथे त्याचं नाव ‘मियादी बुखार’. मुदत काय किंवा मियाद काय, दोन्ही शब्द अरबीतून आलेले आणि दोहोंचा अर्थ एकच, ठरलेला काळ. हा ताप अंगात शिरला की तीन आठवडे, कधी चार आठवडे मुक्काम करणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असे. वैद्य आला, हकीम आला किंवा डॉक्टर आला, तरी ती मुदत कमी करणं कोणाच्याच हातात नव्हतं. पेज पाजायची, कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या आणि दिवस मोजायचे. दहा रोग्यांमागे एक, कधी दोन, मुदत पुरी होण्याआधीच जात. माणसाची ती सगळी हतबलता या एका नावात साठून राहिली आहे.

ही हतबलता संपली १९४८ साली, आणि तीही योगायोगानं. व्हेनेझुएला देशातल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं औषध मिळालं होतं. ते घेऊन थिओडोर वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी हे अमेरिकी डॉक्टर मलायात गेले. त्यांना प्रयोग करायचा होता तो स्क्रब टायफस या वेगळ्याच तापावर. पण ज्यांना औषध दिलं त्यांतल्या काहींना प्रत्यक्षात टायफॉइड होता, असं मागाहून कळलं, आणि हे रोगी काही दिवसांतच तापातून उठले होते. शेकडा दहा-वीस मृत्यूंचं प्रमाण पुढे शेकडा एक-दोनवर आलं. तीन-चार आठवड्यांची मुदत चार-पाच दिवसांवर आली.

तो काळच आशेचा होता. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं त्याला साहाय्य होतं. नव्यानं स्वतंत्र झालेला देश स्वतःचं पेनिसिलिन स्वतः बनवू लागला. याचं मोल आज आपल्याला चटकन जाणवत नाही, कारण जखम चिघळून किंवा बाळंतपणातल्या तापानं घरातली तरणीताठी माणसं जात, ते दिवस आपण पाहिलेले नाहीत.

पण ज्यानं पेनिसिलिन शोधलं, त्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ सालीच धोक्याची सूचना दिली होती. नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यानं एका कल्पित माणसाची गोष्ट सांगितली. त्या माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, पण पुरेसं घेत नाही. घशातले जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू पुढे बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. फ्लेमिंग विचारतो, या मृत्यूला जबाबदार कोण? ऐंशी वर्षं झाली, प्रश्न अजून तिथेच आहे.

भारतात त्याचं प्रत्यंतर आलं ते केरळात. १९७२ साली कालिकत, म्हणजे आजच्या कोळिकोडमध्ये, टायफॉइडच्या रोग्यांना क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडेना. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पणिक्कर आणि विमला या संशोधकांनी हे जंतू तपासले. त्यांना असं आढळलं, की औषधाला न जुमानण्याचा हा गुण एक जंतू दुसऱ्या जंतूला देऊ शकतो. त्याच वर्षी मेक्सिकोतही अशाच टायफॉइडची मोठी साथ आली आणि हजारो लोक आजारी पडले.

हे देणंघेणं कसं चालतं, ते थोडं समजून घेऊ. जंतूच्या पेशीत मुख्य जनुकांखेरीज प्लाझ्मिड नावाची छोटी कडी असते. औषधाला निकामी करण्याची कृती या कडीवर लिहिलेली असू शकते. दोन जंतू जवळ आले, की एकाकडची ही कडी नक्कल होऊन दुसऱ्याकडे जाते. ते एकाच जातीचे असायलाही हवेत असं नाही. आतड्यातला निरुपद्रवी जंतू ही विद्या टायफॉइडच्या जंतूला शिकवू शकतो. आपण औषध घेतो तेव्हा दुबळे जंतू मरतात आणि ही कडी जवळ असलेल्यांना रान मोकळं होतं. औषध जितक्या वेळा विनाकारण घ्यावं, तितक्या वेळा आपण या जंतूंची निवड करत असतो.

पुढचा इतिहास वेगानं घडला. १९९० च्या आसपास देशभर असे टायफॉइडचे जंतू दिसू लागले, ज्यांच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल ही तिन्ही औषधं चालत नव्हती. तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन मदतीला आलं. गोळी स्वस्त होती आणि गुणही लवकर यायचा. मग ती तापाला, जुलाबाला, लघवीच्या जळजळीला, कशालाही दिली जाऊ लागली. दहा-पंधरा वर्षांत तिचाही प्रभाव ओसरला. आज भारतातल्या टायफॉइडच्या बहुतेक जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा भरवसा धरता येत नाही. आता मदार आहे ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर. शेजारच्या पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ साली सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला.

या कहाणीत एक दिलासा देणारी गोष्टही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर जवळजवळ थांबला, आणि काही वर्षांनी प्रयोगशाळेत दिसू लागलं, की टायफॉइडचे बहुतेक जंतू त्याला पुन्हा बळी पडतात. थकलेल्या जमिनीला पडीक ठेवलं की ती पुन्हा धरते, तसंच हे झालं. अर्थात या औषधाचे स्वतःचे धोके आहेत, आणि ते पुन्हा वाट्टेल तसं वापरलं तर पुन्हा निकामी होईल. औषधाला मुदत असते, ती लांबवणं किंवा आखूड करणं काही अंशी आपल्या हातात असतं, एवढं मात्र यातून कळतं.

टायफॉइड हा यातला एक धागा झाला. इस्पितळांतली अवस्था याहून बिकट आहे. २००८ साली नवी दिल्लीत इस्पितळात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात एक जंतू सापडला. शेवटची मात्रा म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातली औषधंही त्यानं निकामी केली होती. त्याच्यातल्या विकराला दिल्लीचं नाव देऊन ‘एनडीएम-१’ म्हटलं गेलं. २०१० साली यावर मोठा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा आपल्याकडे गदारोळ उठला. राजधानीची बदनामी झाली, परदेशी रुग्णांचा ओघ आटेल, अशी चर्चा संसदेपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत तेच जनुक मिळालं.

आकडे कोरडे असतात, पण इथे ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. २०१९ या एका वर्षात भारतात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे २ लाख ९७ हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. ज्यांच्या मृत्यूत या जिवाणूंचा हात होता, असे सगळे मिळून दहा लाखांच्या वर. दिल्लीतल्या तीन मोठ्या इस्पितळांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांचा अभ्यास झाला. बाळांच्या रक्तात सापडलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नोंदी सांगतात, की इमिपेनेम या राखीव औषधाला बळी पडणाऱ्या ई. कोलाय जंतूंचं प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होतं, ते २०२३ मध्ये ६३ टक्क्यांच्या आसपास आलं.

दोष मेडिकलवर जाऊन दोन गोळ्या मागणाऱ्या माणसावर टाकणं सोपं आहे. पण त्याचं गणितही समजून घ्यायला हवं. डॉक्टरची फी, रक्ततपासणी आणि बुडालेली रोजी मिळून त्याचा आठवडा कोरडा जातो. टायफॉइडची खरी खूण रक्तातले जंतू वाढवून पाहण्यात असते. ती तपासणी महाग आणि वेळ खाणारी, म्हणून विडाल नावाच्या जुन्या, बेभरवशाच्या चाचणीवर काम भागतं आणि कित्येक साध्या तापांना टायफॉइडची औषधं मिळतात. दुसरीकडे ज्याला खरोखर राखीव औषध हवं, त्याला ते मिळत नाही. २०१९ च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात दिसलं, की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या गंभीर संसर्गाच्या भारतातल्या रुग्णांपैकी योग्य औषध मिळालेले शंभरात आठही नव्हते.

सरकारनं काही पावलं उचलली. मार्च २०१४ पासून राखीव प्रतिजैविकं विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत नोंदवणं दुकानदाराला बंधनकारक झालं. २०१६ साली औषधाच्या पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम निघाली. २०१९ साली कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. ज्या केरळात १९७२ चा इशारा मिळाला होता, त्याच केरळानं २०१८ मध्ये देशात सर्वांत आधी राज्याचा कृती आराखडा केला. त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकेनं एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली. ज्या मुलाला ताप येणारच नाही, त्याला गोळी लागणार नाही. स्वच्छ पाणी आणि बंदिस्त गटार यांचं कामही तेच.

मराठीनं आपल्या साथींना नावं दिली आहेत. पटकी, देवी, गाठीचा ताप, आणि १९१८ ची मानमोडी. नाव असलं की आठवण राहते. या नव्या साथीला मात्र नाव नाही. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं जातं, सेप्सिस लिहिलं जातं, अवयव निकामी झाले असं लिहिलं जातं. औषधं चालली नाहीत, हे कोणी लिहीत नाही. घरच्यांना वाटतं, नशीब खोटं होतं. दरसाल लाखो माणसं अशी जातात आणि त्यांच्या मरणाचं खरं कारण कागदावर येत नाही. म्हणून इस्पितळात आपलं माणूस गंभीर असेल, तर जंतूंची तपासणी झाली का, कोणती औषधं चालली आणि कोणती नाही, हे डॉक्टरांना आदबीनं पण आवर्जून विचारा. आणि साध्या सर्दी-तापाला डॉक्टर म्हणाले, की प्रतिजैविकाची गरज नाही, तर त्यांच्याकडे हट्ट धरू नका.