विमानाला आग लागल्यावर दरवाजा उघडायचा निर्णय कोण घेतं?

२ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० विमान साप्पोरोहून येऊन टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलं आणि त्याच क्षणी धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठं विमान पेटलं, पण त्यातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. हे कसं शक्य झालं?

एरवी विमान रिकामं करण्याचा आदेश कॅप्टन देतो. पण कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकांना मागे काय चाललंय हे दिसतच नाही. हानेदामध्येही आग लागल्याचं त्यांना केबिन क्रूकडून कळलं. म्हणूनच केबिन क्रूलाही काही अधिकार दिलेले असतात. आग, धूर किंवा विमान मोडल्याचं स्पष्ट दिसत असेल आणि कॉकपिटशी संपर्क होत नसेल, तर ते स्वतःहून दरवाजा उघडू शकतात.

दरवाजा उघडण्याआधी मात्र खिडकीतून बाहेर पाहावं लागतं. बाहेर ज्वाळा असतील तर तो दरवाजा बंदच ठेवायचा आणि प्रवाशांना दुसरीकडे वळवायचं. केबिनमध्ये धूर भरत असताना, लोक 'दरवाजा उघडा' म्हणून ओरडत असताना असं थांबणं किती कठीण असेल, याची कल्पना करा. चुकीचा दरवाजा उघडला तर आग आणि धूर थेट आत येतो.

हानेदामध्ये आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. पुढचे दोन आणि डावीकडचा सगळ्यात मागचा. या मागच्या दरवाजाची गोष्ट महत्त्वाची आहे. विमानातली उद्घोषणा यंत्रणा आणि इंटरकॉम बंद पडले होते. त्यामुळे पुढून आदेश मिळण्याची शक्यताच नव्हती. तिथल्या कर्मचाऱ्याने बाहेरची स्थिती पाहून स्वतःच तो उघडला. बाकी सूचना मेगाफोनवरून आणि ओरडून दिल्या गेल्या. पुढचं चाक मोडल्याने विमानाचं नाक खाली झुकलं होतं, म्हणून मागची घसरगुंडी चांगलीच उभी झाली होती. कॅप्टन सगळ्यात शेवटी बाहेर पडला, तेव्हा धडकेला साधारण १८ मिनिटं झाली होती.

९० सेकंदांचा नियम मग कुठे गेला?

निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत विमान रिकामं होऊ शकतं, हे विमान बनवणाऱ्या कंपनीला प्रमाणपत्र घेताना सिद्ध करावं लागतं. पण ती चाचणी असते. तिथे खरी आग नसते, घाबरलेली लहान मुलंही नसतात.

निर्णय झालाच नाही तर काय होतं, याचं भयंकर उदाहरण रियाधचं आहे. १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदिया कंपनीचं ट्रायस्टार विमान मागच्या भागात आग लागलेली असताना सुखरूप उतरलं. पण कॅप्टनने ते धावपट्टीवर लगेच थांबवलं नाही. थांबल्यावरही इंजिनं तीन मिनिटांहून जास्त वेळ सुरू राहिली, त्यामुळे बचाव पथकाला जवळ जाता येईना. आतून एकही दरवाजा उघडला गेला नाही. बाहेरून दरवाजा उघडेपर्यंत इंजिनं बंद होऊनही वीस मिनिटांवर वेळ गेला होता. ३०१ पैकी कुणीही वाचलं नाही.

हानेदाच्या प्रवाशांनी आणखी एक गोष्ट केली, जी आपल्याकडे विमान थांबताच उठून वरचा कप्पा उघडणाऱ्यांना जड जाईल. बहुतेकांनी बॅगा तिथेच सोडल्या.