रजेचे ओझे आणि पुढचे चाक

सायकलवरून लांबच्या प्रवासास निघावयाचे तर सामान कोठे बांधावे, हा प्रश्न वरवर पाहता सायकलच्या दुकानातला आहे. आम्ही तो या व्यासपीठावर आणीत आहोत याचे कारण असे की, फ्रान्स देशात या प्रश्नाची गाठ कामगाराच्या सुटीशी पडली. मागच्या कॅरियरविषयी फारसे सांगावयास नको. दूधवाल्याच्या किटल्यांनी ते आपणा सर्वांस शिकविले आहे. घोळ आहे तो पुढच्या चाकाचा.

सेंत-एत्येन हे गाव कोळशाच्या खाणींचे, बंदुकांचे, रेशमी फितींचे आणि सायकलींचे. तेथे रेशमाचा धंदा करणाऱ्या पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी १८८७ साली सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने, शर्यतीहून प्रवास श्रेष्ठ, हा प्रचार आयुष्यभर चालविला. गावाबाहेर पडले की १,१६१ मीटर उंचीची खिंड लागते. सामान लादून ती चढावयाची तर बदलते गिअर हवेत, म्हणून हा गृहस्थ गिअरसाठी झगडला. गिअर नसते तर ओझ्याची गोष्ट निघालीच नसती.

१९०६ च्या कायद्याने फ्रेंच कामगाराला आठवड्याची सुटी मिळाली. एका दिवसासाठी बाहेर पडणाऱ्या माणसास लागते किती? पाव, पाण्यापावसाचा कोट, पंक्चरचे सामान आणि नकाशा. त्यास पुढच्या चाकावर बसविलेले वीतभर कॅरियर व त्यावर टेकलेली एक पिशवी पुरे. पिशवी डोळ्यांसमोर राहते, चालता चालता हात घालता येतो. पॅरिसमध्ये वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहणारी पोरे तर पुढच्याच रुंद कॅरियरवर माल लादून गल्लीबोळांतून सुसाट जात. हौशी प्रवाशांनी शहाणपण शिकावे असे हे गुरू होते, हे आमचे मत.

मग १९३६ उजाडले. मे-जून महिन्यांत कामगार कारखाने न सोडता आतच ठाण मांडून बसले. लेऑं ब्लूम यांचे सरकार आले आणि २० जूनच्या कायद्याने पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. मालकांनी ती आनंदाने दिली असे कोणी समजू नये! लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने रजेवर जाणाऱ्यांस रेल्वेभाड्यात ४० टक्के सूट मिळवून दिली. पुष्कळ जण मात्र सायकलीवरून, नवराबायको दोघांच्या जोडसायकलीवरूनही निघाले. (आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरविली. तिचा हिशेब करीत आमची उमर गेली.)

पंधरा दिवस म्हणजे तंबू, अंथरूण, स्टोव्ह, भांडी. हे सारे मागे बांधले तर? गाडीत मागे जास्त माल भरला की ती उलाळते, हे गाडीवानास सांगावे लागत नाही. सायकलीचेही तसेच. चढावर पुढचे चाक हलके पडते आणि उतारावर हँडल थरथरते. म्हणून काही भार पुढे आणणे भाग. पण पुढचे ओझे हँडलबरोबर वळते. आम्ही वर्षानुवर्षे पत्रकांची पिशवी हँडलला अडकवून चाळीचाळीतून हिंडलो आहोत. वळणावर ती कसा झोका घेते ते हातांस ठाऊक आहे. भार जितका चिमट्याला चिकटून, तितके हँडल आज्ञाधारक. तो जितका खाली, तितकी सायकल स्थिर. पॅरिसलगतच्या लव्हाल्वा येथे १९३८ पासून सायकली घडविणाऱ्या अलेक्स सिंगर यांच्यासारख्या कारागिरांनी तंबूवाल्यांसाठी चाकाच्या दोन्ही बाजूंस खाली पिशव्या लटकतील अशी पोलादी नळीची कॅरियरे बांधली. ती सायकलीच्या मापानेच बनत. कॅलिफोर्नियात १९७५ साली धंदा उभारणाऱ्या जिम ब्लॅकबर्न यांनी पुढे हीच गोष्ट अ‍ॅल्युमिनियमच्या सळईत आणली आणि खालचे कॅरियर कोणत्याही दुकानात विकत मिळू लागले.

तेव्हा ज्यास आज निवड करावयाची आहे त्याने प्रथम आपली रजा मोजावी. एक-दोन दिवसांसाठी वरचे लहान कॅरियर व एक पिशवी. आठवडा-पंधरवडा असेल तर खालचे कॅरियर व पडशीसारख्या दोन पिशव्या, दोहींत वजन सारखे. चिमट्यास स्क्रूची भोके आहेत की नाहीत हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. कॅरियर हाताने धरून हलवून पाहावे. रिकामे असताना लचकते ते भरल्यावर नाचणारच. पोलाद जड, पण मोडले तर खेडेगावचा वेल्डिंगवालाही जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमची ती सोय सहसा नाही. जड व लहान वस्तू, स्टोव्ह, हत्यारे, डाळतांदूळ, पुढे खाली, कपडे मागे. पिशवीचे आकडे खड्ड्यात उडून सुटणार नाहीत इतके घट्ट हवेत, आणि अंधारात, पावसात, एका हाताने सोडवता येतील इतके सोपेही.