चालत्या दप्तराची फेररचना

‘दप्तर’ हा शब्द आपल्याकडे फार लांबून आला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे. फारसीत त्याची वही झाली, पेशवाईत सरकारी कागदांच्या साठ्याला ते नाव मिळाले, आणि आज शाळेला निघालेल्या मुलाच्या पाठीवर तोच शब्द लटकलेला दिसतो. कागद ठेवणे सोपे, पण हवा तेव्हा तो सापडणे अवघड, ही अडचण मात्र सर्वत्र एकच. संगणकात या अडचणीवर जी योजना असते तिला फाइल सिस्टिम म्हणतात. कोणता मजकूर डिस्कवर कोठे आहे, किती जागा मोकळी आहे, याची नोंद ती ठेवते. नवे दप्तर मांडणे हा एक प्रश्न आहे. पण जे दप्तर भरलेले आहे, ज्यावर रोज काम चालले आहे, त्याचे नियम कागद बाहेर न काढता बदलणे हा त्याहून निराळा आणि अधिक नाजूक प्रश्न होय. या दुसऱ्या प्रश्नाचा आपल्या पुण्यात मोठा इतिहास आहे.

पेशव्यांच्या हुजूर दप्तरात दोनशेहून अधिक कारकून राबत, असे डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथात नोंदविले आहे. त्याच्या निरनिराळ्या शाखा होत्या. चालते दप्तर फडणिसाच्या हाताखाली असे. एक बेरीज दप्तराचा मुक्काम कायम पुण्यात असे. सर्व खात्यांचे हिशेब तेथे येत, त्यांची वर्गवारी होई आणि त्यांतून तर्जमे व खतावण्या तयार होत. दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहावयाचा आणि मग तो ज्या त्या खात्यावर चढवावयाचा, ही शिस्त होती. खतावणीत चूक झाली तर रोजकीर्द पाहून ती दुरुस्त करता येई. तीच गोष्ट सनदांची. इनामाची सनद इनामदाराच्या हाती पडे, पण त्याच मजकुराची पत्रे गावच्या मोकदमास, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस आणि कमाविसदारासही जात. एक प्रत नष्ट झाली तरी हक्क नष्ट होऊ नये, हा त्यातला हेतू.

संगणकाच्या जगाने हीच वाट पुन्हा नव्याने शोधली. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्यातील फाइल सिस्टिम सुटसुटीत होती, पण संथ होती. 1983 साली बर्कले विद्यापीठातून मार्शल कर्क मॅकक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नवी, वेगवान रचना बाहेर पडली. तिच्यासोबत ‘ट्यूनएफएस’ नावाची एक आज्ञा होती. तंबोरा जुळविताना आपण भोपळा बदलीत नाही, खुंट्या पिळतो. तसे या आज्ञेने उभ्या फाइल सिस्टिमचे काही नियम बदलता येत. पुढे 1993 साली लिनक्ससाठी रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांनी ‘एक्स्ट-टू’ ही रचना केली, आणि तिच्यासाठी ‘ट्यून-टू-एफएस’ हे साधन आले.

या खुंट्या कोणत्या, ते एका उदाहरणाने पाहू. डिस्क काठोकाठ भरली की नव्या मजकुराला सलग जागा मिळत नाही, त्याचे तुकडे विखुरतात आणि काम मंदावते. म्हणून बर्कलेच्या रचनेत 10 टक्के जागा राखून ठेवीत. लिनक्सच्या रचनेत हे प्रमाण मुळात 5 टक्के असते, आणि ती जागा व्यवस्थापकाच्या हाती राहते. 1000 गिगाबाइटच्या डिस्कवर ही राखीव जागा 50 गिगाबाइट होते. जेथे केवळ जुनी छायाचित्रे साठवावयाची आहेत, तेथे 1 टक्का पुरे. एका आज्ञेसरशी 40 गिगाबाइट मोकळे होतात आणि एकही छायाचित्र जागचे हलत नाही. याचे कारण असे, की हा नियम कागदांवर लिहिलेला नसून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो. त्या पानाला सुपरब्लॉक म्हणतात, आणि सनदेच्या पत्रांप्रमाणे त्याच्याही प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात.

2001 साली लिनक्समध्ये ‘एक्स्ट-थ्री’ दाखल झाली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे जर्नल, अर्थात रोजकीर्दच. नोंदवहीत करावयाचा बदल आधी जर्नलमध्ये लिहावयाचा, मग मूळ जागी करावयाचा. मध्येच वीज गेली तर जर्नल वाचून काम पुरे करता येते. आणि ही रोजकीर्द जुन्या, भरलेल्या एक्स्ट-टूलाही मागाहून जोडता येत असे. डिस्क रिकामी करण्याचे कारण उरले नाही.

तथापि या सोयीला मर्यादा आहेत. किती फाइलींची नोंद होऊ शकेल हा आकडा या रचनेत आरंभीच ठरतो. बारीकसारीक फाइली फार झाल्या तर जागा शिल्लक असूनही नवा कागद ठेवता येत नाही, आणि त्यावर खुंटी पिळून इलाज होत नाही. दुसरे असे, की पुष्कळ नवे नियम नव्या कागदांपुरतेच असतात. एक्स्ट-थ्रीची एक्स्ट-फोर केली, तरी जुन्या फाइली जुन्याच घडीत राहतात. तिसरे, काही बदल चालत्या कामात करणे धोक्याचे असते. आधी नक्कल करून ठेवावी आणि दप्तर बंद करून मगच हात घालावा.

आता पुन्हा पुण्याकडे वळू. 1818 साली राज्य गेले आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. कागद तेच राहिले, त्यांचा उपयोग बदलला. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि हिशेबासाठी लिहिलेले कागद मालकीची कसोटी बनले. वसुलीच्या कारकुनाने जे लिहिणे आवश्यक मानले नव्हते, त्याच्या अभावी एखाद्याचा पिढीजात हक्क संशयास्पद ठरू लागला. परगण्यांतून, वतनदारांच्या घरांतून आणखी कागद गोळा झाले. त्यांचा ‘जमाव’ म्हणून वेगळा विभाग आजही दप्तरात आहे. कमिशनने दख्खनभर असंतोष माजविला, आणि अखेर 1863 च्या कायद्यांनी सरसकट तडजोडीचा मार्ग काढावा लागला. नियम बदलणाऱ्याने दप्तर बंद केले नव्हते. ज्यांचे हक्क त्यात होते त्यांना विचारलेही नव्हते.

तिसरा बदल आपल्याच माणसांनी केला. न्यायमूर्ती रानडे यांनी या कागदांचे मोल ओळखले. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून उतारे काढले. पुढे 1930 ते 1934 या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले. मूळ कागद दप्तरातच राहिले. मोडीतला मजकूर बाळबोधीत छापला गेला, आणि महसुलाच्या साठ्याला इतिहासाची वाट फुटली. याही वेळी निवडीचा नियम होताच. राजकारणाचे कागद पुढे आले, कुळांचे आणि कारागिरांचे पुष्कळसे रुमालांतच राहिले. परंतु मूळ जागचे हलले नव्हते, म्हणून पुढच्या अभ्यासकाला निराळा प्रश्न घेऊन पुन्हा तेच रुमाल सोडता आले. इनाम कमिशनच्या निकालाने गेलेले उत्पन्न मात्र असे परत मागता आले नाही.

हा भूतकाळाचाच प्रश्न आहे असे समजू नये. महाराष्ट्रात 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. आपल्या जमिनीचा हक्क आता संगणकाच्या दप्तरात आहे. त्याचे नियम वेळोवेळी बदलणार, बदललेही पाहिजेत. तसा बदल होईल तेव्हा नागरिकाने इतके विचारावे: आधी नक्कल ठेवली आहे काय? जुन्या नोंदींना नवा नियम लागतो की त्या जुन्याच घडीत आहेत? आणि या नियमाने कोणाचा कागद सापडेनासा होणार? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्रज्ञाजवळ नसते. ते ज्यांचे कागद दप्तरात आहेत त्यांनीच मागून घ्यावे लागते.