रहदारीमुक्त वाटांचा इतिहास : कर्जत-खालापूर परिसर आणि फ्रान्समधील सायकल-पर्यटन

प्रस्तावना

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलने फिरणारे प्रवासी तेथील रस्त्यांच्या निवांतपणाचे वर्णन बहुधा निसर्गाची देणगी म्हणून करतात. द्राक्षमळे, कालव्याकाठची झाडी, दगडी घरांची गावे आणि तासन्‌तास एकही मोटार न भेटणारा रस्ता असे ते चित्र असते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र वेगळा प्रश्न पडतो. हा रस्ता शांत कशामुळे झाला? द्राक्षमळा निसर्ग आणि शेतकरी मिळून घडवतात. रहदारी नसलेला रस्ता कायदा, अर्थकारण आणि वाहतुकीची साधने यांच्या परस्परसंबंधांतून घडतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने कर्जत व खालापूर या रायगड जिल्ह्यातील दोन अंतर्गत तालुक्यांचा विचार केला असून तुलनेसाठी फ्रान्सचे उदाहरण घेतले आहे. रस्त्याची शांतता मार्गांतर, बंदी आणि पुनर्वापर या तीन मार्गांनी निर्माण होते आणि कायद्याचा आधार मिळाला तरच ती टिकते, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मार्गांतर : बोरघाटाचा अनुभव

कोकण आणि देश यांना जोडणारा बोरघाट खालापूर तालुक्यातील खोपोलीपासून वर चढतो. १८०४ मध्ये आर्थर वेलस्ली याने तोफा नेण्यासाठी हा घाट सुधारून घेतला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत गाड्यांसाठी बांधलेला रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. १८५६ मध्ये आगगाडी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. मधला चढ मात्र प्रवाशांना रस्त्यानेच ओलांडावा लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे वाहतुकीचा मुख्य ओघ रुळांकडे वळला.

रहदारीच्या इतिहासात हा क्रम पुन्हा पुन्हा आढळतो. नवे वेगवान साधन आले की जुना मार्ग हलका होतो आणि संथ गतीच्या प्रवाशासाठी मोकळा होतो. विसाव्या शतकात मोटारींनी तोच घाटरस्ता पुन्हा भरून टाकला. २००२ मध्ये सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. त्यावर पादचारी, सायकली आणि दुचाकी वाहनांना मज्जाव आहे. वेगाचा विचार करता ही बंदी समजण्यासारखी आहे. परंतु वेगवान वाहने नव्या मार्गावर गेल्यानंतर जुन्या रस्त्याचे काय करावे, त्याचा काही भाग संथ वाहनांसाठी राखावा काय, हा प्रश्न धोरणाच्या पातळीवर विचारलाच गेला नाही. मार्गांतराने मिळू शकणारी शांतता योगायोगावर सोडली गेली.

बोरघाटाशी सायकलीचे नाते स्पर्धेमुळे लोकांच्या स्मरणात आहे. १९४० च्या दशकापासूनची परंपरा असलेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवले जाते. शर्यत आणि पर्यटन यांतील भेद येथे स्पष्ट होतो. शर्यतीसाठी रस्ता काही तास अडवला तरी पुरते; पर्यटनासाठी तो बारा महिने निर्धोक असावा लागतो. पहिली गोष्ट पोलीस बंदोबस्ताने साधते, दुसरीसाठी धोरण लागते.

दूरच्या सायकल-प्रवासाची हौस आपल्याकडे नव्हती असे म्हणता येणार नाही. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे मुंबईचे तीन पारशी तरुण ऑक्टोबर १९२३ मध्ये जगप्रदक्षिणेस निघाले आणि मार्च १९२८ मध्ये परतले. उणीव साहसाची नव्हती. ज्याच्या अंगी असे साहस नाही अशा सामान्य सायकलस्वारासाठी रस्त्यावर जागा राखण्याची होती.

बंदी : माथेरानचा आदर्श आणि त्याची किंमत

रहदारीमुक्तीचे देशातील सर्वात ठळक उदाहरण कर्जत तालुक्यातच आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने १८५० मध्ये माथेरानचा डोंगर युरोपियनांच्या नजरेस आणला. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली, त्यामुळे मोटाररस्त्याविनाही पर्यटक वर पोहोचू लागले. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जाण्याची रीत पडली. ही शांतता सायकलस्वारापेक्षा पादचाऱ्याची असली, तरी कायद्याने राखलेल्या शांततेचा नमुना म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

मात्र शांततेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नही माथेराननेच उभा केला. पर्यटकाला मोटारीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून माणसाने माणसाला ओढून न्यायचे, ही व्यवस्था एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचे निर्देश दिले. मोटारबंदीचा भार कष्टकऱ्याच्या खांद्यावर पडणार नाही याची तरतूद नसेल, तर शांतता हा केवळ पाहुण्यांचा विशेषाधिकार ठरतो.

पुनर्वापर : फ्रान्सचा मार्ग

फ्रान्समधील निवांत रस्त्यांचा पाया १८३६ च्या ग्रामरस्तेविषयक कायद्याने घातला. गावरस्त्यांची देखभाल ही गावपंचायतींची सक्तीची जबाबदारी ठरली आणि देशभर बारीक रस्त्यांचे दाट जाळे विणले गेले. पुढे खेड्यांतील लोक शहरांकडे गेले, लांब पल्ल्याची वाहतूक महामार्गांवर वळली आणि हे रस्ते बांधणीने पक्के पण रहदारीने विरळ राहिले. म्हणजे तेथील शांततेमागे ग्रामीण भाग ओस पडल्याचे दुःखही आहे, हे विसरता येत नाही.

या जाळ्याचा पर्यटनासाठी उपयोग करणारी संस्कृती समांतरपणे घडत होती. सँत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) हे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखले जात. १८८७ मध्ये त्यांनी सुरू केलेले सायकलविषयक नियतकालिक पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले. डोंगराळ प्रदेशात सामान्य माणसालाही चढ चढता यावा म्हणून त्यांनी गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. याउलट ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. दमवणूक हेच शर्यतीचे मर्म, तर दमवणूक टाळणे हे पर्यटनाचे. हा भेद तेथे इतक्या लवकर स्पष्ट झाला होता. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, तेव्हा असंख्य कष्टकरी कुटुंबांनी सायकलीवर प्रथमच आपला देश पाहिला.

तिसरा टप्पा पुनर्वापराचा. १६८१ मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे २४० किलोमीटर लांबीच्या ‘कनाल द्यु मिदी’ या कालव्याकाठी घोड्यांनी नावा ओढण्यासाठी ठेवलेल्या वाटेवरून आता सायकली जातात. बर्गंडीत झिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागी १९९७ मध्ये हरितमार्ग तयार झाला. २००४ मध्ये फ्रान्सच्या वाहतूक संहितेत ‘हरितमार्ग’ ही संज्ञा अंतर्भूत झाली : केवळ विनामोटार वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला मार्ग. योगायोगाने मिळालेल्या शांततेला तेथे कायद्याने नाव दिले, आणि नाव मिळाल्यावर तिचे रक्षण करणे शक्य झाले.

मोहोपाडा परिसर : आजचा प्रश्न

खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे रसायनी भागातील बाजारपेठेचे गाव. पाताळगंगेच्या खोऱ्यात हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ औद्योगिक क्षेत्र विस्तारले. येथील रस्त्यांवर सायकल आली ती पर्यटनाचे साधन म्हणून नव्हे. पाळीला जाणारा कामगार, दूधवाला, शाळकरी मुले यांचे ते रोजचे वाहन होते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्या कंपनीचे रसायनी येथील युनिट बंद करण्याचा निर्णय घेतला, परंतु औद्योगिक क्षेत्राची मालवाहतूक थांबली नाही. दांड फाट्यावरून रसायनीकडे येणाऱ्या रस्त्यावर सायकलस्वाराला आजही ट्रक आणि टँकर यांच्या कडेनेच वाट काढावी लागते.

दुसरीकडे डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने बारमाही रस्त्यांनी वाड्यावस्त्या जोडण्याचे काम हाती घेतले. फ्रान्सच्या १८३६ च्या कायद्याशी तिची तुलना करता येईल. पक्के, अरुंद आणि विरळ रहदारीचे रस्ते आपल्याकडेही निर्माण होत आहेत. परंतु रस्ता चांगला झाला की त्यामागोमाग शेतघरे आणि शनिवार-रविवारच्या मोटारी येतात, आणि ज्याच्यासाठी तो बांधला त्यालाच त्याच्या कडेला उतरावे लागते.

येथे एक भेद काटेकोरपणे करणे आवश्यक आहे. रस्ता नसल्याची शांतता वेगळी आणि रहदारी वळवल्याची शांतता वेगळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरसालगडाच्या पायथ्याशी असलेल्या इरसालवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावे लागले, कारण वाडीपर्यंत वाहन जाणारा रस्ता नव्हता. अशा ठिकाणच्या शांततेला पर्यटनाचे सौंदर्य म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. ठाकूर आणि कातकरी वस्त्यांना रस्ता हवा, रुग्णवाहिका हवी. त्याच रस्त्यावर त्यांच्या मुलांना निर्धोकपणे सायकलही चालवता यावी. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, रस्त्याची शांतता ही इतिहासाने घडवलेली वस्तू आहे. दोन, मार्गांतराने मिळालेली शांतता संरक्षणाअभावी टिकत नाही. तीन, बंदीने मिळालेल्या शांततेचा भार कोणावर पडतो हे तपासणे अगत्याचे आहे. चार, आधीच अस्तित्वात असलेल्या वाटांना कायदेशीर दर्जा देणे हा तुलनेने कमी खर्चाचा मार्ग आहे. कर्जत तालुक्यात भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो. अशा कालव्यांच्या काठची देखभालीची जागा, जुन्या महामार्गाचे वापर कमी झालेले तुकडे आणि ग्रामसडका यांचा या दृष्टीने तालुकानिहाय अभ्यास व्हावयास हवा. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांना तो एकत्रितपणे करता येईल. असा रस्ता पर्यटकाच्या आधी पाळीवरून परतणाऱ्या कामगाराच्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलीच्या उपयोगी पडला पाहिजे. त्यांना सोयीची असलेली वाट पर्यटकालाही आपोआप सोयीची होते.