टायरांची झीज व चालनपद्धती

मोटारीचा टायर किती टिकतो, हे रबराची प्रत, हवेचा दाब व रस्त्याचा पृष्ठभाग यांच्याइतकेच चालकाच्या सवयींवरही अवलंबून असते. सरळ रस्त्यावर समगतीने फिरणारा टायर फारसा झिजत नाही. वेग वाढविताना, ब्रेक लावताना व वळताना मात्र त्याचा जमिनीला टेकलेला भाग किंचित घसरतो आणि त्या घर्षणात रबर झडते. वळणावरील पार्श्विक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते व घसरण साधारणतः त्या बलाबरोबर वाढते. त्यामुळे एकाच वळणावरील झीज ढोबळमानाने वेगाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग एक-पंचमांशाने वाढविल्यास झीज सुमारे दुप्पट होते.

शर्यतींत हा प्रश्न प्रारंभापासूनच होता. १८९५ च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवा भरलेल्या टायरांची मोटार उतरविली. ते टायर वारंवार फुटले. पुढे रबरात काजळी मिसळू लागल्यावर टिकाऊपणा पुष्कळच वाढला.

चालकाच्या कौशल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९ जानेवारी १९५८ रोजी ब्वेनस एअरीझ येथे झालेली अर्जेंटिना ग्रां प्री. स्टर्लिंग मॉस याच्या कूपर मोटारीचे एंजिन सुमारे २ लिटरचे, तर प्रतिस्पर्धी फेरारींचे २·४ लिटरचे होते. शिवाय कूपरचे प्रत्येक चाक चार बोल्टांनी बसविलेले असल्याने ते बदलण्यास फार वेळ लागला असता. फेरारीच्या चाकाला मधोमध एकच नट असे. तेव्हा टायर न बदलताच ८० फेऱ्या पुऱ्या करण्याचे ठरले. मॉसच्या पथकाने चाके मांडून ठेवून बदलाच्या तयारीचा देखावा केला आणि फेरारी पथक त्याला फसले. अखेरीस रबर झिजून आतील कापड दिसू लागले, तरी मॉसने हलक्या हाताने मोटार शेवटपर्यंत नेली व लुईजी मूस्सो याच्यावर अवघ्या २·७ सेकंदांनी विजय मिळविला. मागे एंजिन असलेल्या मोटारीचा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील हा पहिलाच विजय होय.

२००५ साली फॉर्म्युला वनमध्ये एकच टायरसंच संपूर्ण शर्यतीत वापरण्याचा नियम होता. त्या वर्षी न्युर्बुर्गरिंग येथे किमी रायकोनेनचे पुढचे चाक ब्रेक लावताना अडकले व टायरवर एका जागी सपाट चट्टा पडला. तो आघाडीवर राहिला, पण वाढत्या कंपनांनी शेवटच्या फेरीत मोटारीचे निलंबन मोडले आणि फेर्नांदो आलोन्सो जिंकला. चट्टा पडण्यास क्षणभराची चूक पुरली.

संगणकीय खेळांतील अनेक प्रतिमाने डच अभियंते हान्स पासेयका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या सूत्राच्या धर्तीची आहेत. हे सूत्र घसरणीवरून टायरचे बल सांगते. उष्णता व झीज यांचे गणित वेगळे जोडावे लागते. खेळातील शर्यत लहान असल्याने झीज पुष्कळदा मुद्दाम वेगाने होऊ दिली जाते. खेळाडूला मोटारीचे हेलकावे अंगी जाणवत नाहीत. सुकाणूचक्राचा प्रतिरोध, टायरचा आवाज व पडद्यावरील चिन्हे यांवरून त्याला अंदाज बांधावा लागतो. मॉससारख्या चालकाला हाच अंदाज आसनातून व सुकाणूतून येत असे.