हौदापर्यंत पाणी, हौदापासून घागर

मित्रहो, उद्या सकाळी आपण पुण्यातल्या ज्या रस्त्यांवरून चालणार आहोत, त्यांच्याखालून कधीकाळी पाणी चालत होतं. पावलं टाकण्याआधी त्या पाण्याची गोष्ट थोडी समजून घेऊ.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला आंबिल ओढ्यावर बंधारा घालून तलाव केला गेला. तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ आणला. नळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तोटी येते. पण हा नळ म्हणजे माणूस आत उभा राहून चालेल असा बोगदा! पंप नाही, इंजिन नाही. कात्रज उंचावर, शहर सखल. तेव्हा उतार सांभाळला की पाणी आपसूक येतं. आता हा उतार आठ-दहा किलोमीटर सांभाळायचा म्हणजे काय काम आहे, याची कल्पना करा. वाटेत ठिकठिकाणी उभे मनोरे बांधले, त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे बघा. आत कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते, म्हणजे नळ श्वास सोडतो. साफसफाईसाठी आत उतरायलाही त्यांचा उपयोग होई.

हे पाणी गावात हौदांमधून खेळवलं. पुढे नाना फडणीस आणि सरदार रास्ते यांनीही आपापले नळ आणले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. कित्येक ठिकाणी हौद गेला आणि पत्ता तेवढा उरला.

इथवर झाली स्थापत्याची गोष्ट. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला एक फरक इथे महत्त्वाचा वाटतो. ‘पाणी असणं’ आणि ‘पाणी मिळणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कात्रजचं पाणी डोंगराच्या पायथ्यापासून शहराच्या मध्यापर्यंत आलं. हौदापासून घागर मात्र हातभर अंतरावर होती, आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना ते हातभर अंतर ओलांडता येत नव्हतं. भरलेल्या हौदाशेजारी कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत बसायचं! पाण्याचा उतार गवंड्यांनी बरोबर साधला होता; ही चढण माणसांनी उभी केली होती.

म्हणूनच उद्या फडके हौदाच्या चौकातून पुढे निघण्याआधी आपण जवळच्या बाहुलीच्या हौदापाशी थांबू. सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लाडक्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. तिथून गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या घरी जाऊ. 1868 साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद तोच, पाणीही तेच. फक्त ‘या’ म्हटलं गेलं. कात्रजचा नळ येऊन तोवर शंभराहून अधिक वर्षं लोटली होती! आणि महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला 1927 साल उजाडावं लागलं. बोगदा खणणं सोपं होतं म्हणायचं.

1879 मध्ये खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं, नळाचं पाणी वाढत गेलं आणि हौद मागे पडले. मग 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. गावात पुराचं पाणी, पण प्यायला थेंब नाही. त्या दिवसांत लोक पुन्हा जुन्या हौदांकडे आणि विहिरींकडे वळले. दोनशे वर्षांपूर्वीची ती व्यवस्था अडीनडीला उपयोगी पडली. त्यानंतर आपण काय केलं? कुठे नळावर पाया खणला, कुठे हौद बुजवला.

तेव्हा उद्या प्रत्येक थांब्यावर दोन प्रश्न विचारा. पाणी इथपर्यंत कसं आलं? आणि ते कोणाला मिळत होतं? पहिल्याचं उत्तर दगडांत सापडेल. दुसरं शोधताना एखाद्या वस्तीत टँकरमागे लागलेली रांगही दिसेल. तिच्याकडे पाहून पुढे जाऊ नका, तिथेही थांबा. सकाळी ठीक सातला, शनिवारवाड्यासमोर. पाण्याची बाटली घरूनच भरून आणा.