गवताला मोकळीक

इंग्रजाच्या घराभोवती बाग असायची आणि बागेत कातरलेली हिरवळ असायची, हे आपण पुस्तकांतून आणि चित्रांतून पाहत आलो आहोत. पण ही हिरवळ साध्या माणसाच्या अंगणात आली, ती गोष्ट काही फार जुनी नव्हे. पूर्वी गवत कापायचे तर लांब दांड्याच्या विळ्याने. इतके मजूर पोसणे बड्या जमीनदारालाच परवडे. १८३० साली स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे हिरवळ घरोघर झाली, आणि गवत वाढू देणे म्हणजे आळस, असा समजही तिच्यामागून आला.

या समजाला धक्का दिला तो विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याने. त्या काळी काचघरात वाढवलेली नाजूक रोपे दर उन्हाळ्यात आणून गालिच्यासारखे ताटवे मांडायचे, आणि थंडी आली की सारे उपटायचे, अशी रीत होती. रॉबिन्सनला हा खटाटोप मुळीच पसंत नव्हता. १८७० साली त्याने ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक लिहिले. जी झाडे आपल्या बळावर जगतील ती योग्य जागी लावा आणि मग त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे वाढू द्या, हे त्याचे सांगणे. ससेक्समधील ग्रेव्हटाय येथे त्याने हे स्वतः करूनही दाखवले. १९३५ साली शहाण्णवाव्या वर्षी तो वारला.

पण मोकळीक कोणाला द्यायची, हाही प्रश्न आहेच. रॉबिन्सनने वाखाणलेल्या झाडांत जपानी नॉटवीडही होते. ते पुढे इतके माजले, की १९८१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ते मोकळ्या रानात लावणे गुन्हा ठरले.

दरम्यान, बागेबाहेरचे रानच आटत चालले होते. महायुद्धात धान्यासाठी कुरणे नांगरली गेली, नंतर रासायनिक खते आली. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड-वेल्समधली फुलांची जुनी कुरणे सुमारे ९७ टक्के नाहीशी झाली. मग मधमाश्यांनी जावे कुठे? घरामागच्या बागेला महत्त्व आले ते इथे. लेस्टर शहरातल्या आपल्या साध्या बागेत जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ पासून तीस वर्षे नोंदी ठेवल्या. कीटकनाशक वापरायचे नाही, हा त्यांचा नेम. नोंद झाली २,६७३ जातींची! २०१९ पासून तर ‘प्लांटलाइफ’ ही संस्था लोकांना मे महिनाभर गवत कापू नका, असे सांगत आली आहे.

यात कष्ट नाहीत असे मात्र समजू नका. उन्हाळ्याच्या शेवटी, बी पडल्यावर, गवत एकदा कापावे लागते, आणि कापलेले उचलूनही न्यावे लागते. तसेच कुजू दिले तर जमिनीचा कस वाढतो, दांडगे गवत माजते आणि रानफुले गुदमरतात. म्हणजे रान राखायलाही माळी लागतोच!

आपल्याकडे हा प्रयोग वैशाखात करून काय उपयोग? इंग्लंडात मे महिन्यात जे होते, ते आपल्याकडे आषाढ-श्रावणात. परसाचा एखादा कोपरा तेव्हा न खुरपता ठेवावा. टाकळा उगवेल, तेरडा फुलेल. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात, तेव्हा पाने खाल्लेली दिसली तर औषध फवारू नये. नजर ठेवायची ती गाजरगवतावर. १९५६ साली पुण्यातून त्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने कातडीला खाज सुटते, परागाने दम्याचा त्रास वाढतो. हातात जाड मोजे घालून, फूल धरण्याआधीच ते मुळासकट उपटावे. बाकीच्यांना मात्र राहू द्यावे.